मदत हवी: १९६६ च्या फेंडर अँपला थ्री-पिन वायर बसवायची आहे

मंडळी, मी न्यू जर्सीत असतो. गेल्या महिन्यात एका घरगुती सेलमध्ये फेंडर डीलक्स रिव्हर्ब हा गिटारचा अँप (अँप्लिफायर) मिळाला. २२ वॅट, १२ इंची एकच स्पीकर, आवाज म्हणाल तर लोणी. पण वायर अजून मूळचीच आहे, दोन पिनांची. रबर इतकं वाळलंय की चॅसीत (अँपच्या धातूच्या सांगाड्यात) शिरते तिथे वाकवलं की तडे दिसतात.

परवा मित्राच्या बेसमेंटमध्ये वाजवत होतो. डावा हात तारांवर, गायला म्हणून माइकला ओठ टेकवले आणि असा सणसणीत झटका बसला की दातांच्या मुळापर्यंत कळ गेली. अँपच्या मागचं 'ग्राउंड' लिहिलेलं स्विच उलट केलं, तर झटका गेला आणि गुणगुणही कमी झाली. घरी येऊन दुसऱ्या सॉकेटला लावला, तर ओठांना पुन्हा झिणझिण्या.

नाशिकला बाबांना व्हिडिओ कॉलवर मागची बाजू दाखवली. आयुष्यभर वायरमनचं काम केलेला माणूस. म्हणाले, "अरे, याला अर्थिंगच नाही! गिझर असा जोडला असता तर लोकांनी मला चपलेनं मारलं असतं."

मला कळलंय ते असं: ते स्विच मेन्सच्या दोनपैकी एका तारेला ०.०४७ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून चॅसीशी जोडतं. कपॅसिटर धड असेल तर साधारण २ मिलिअँपिअर गळतात, म्हणजे नुसत्या झिणझिण्या. तो शॉर्ट झाला तर १२० व्होल्ट थेट चॅसीवर आणि तिथून केबलच्या जाळीतून गिटारच्या तारांवर. याला इथे 'डेथ कॅप' म्हणतात ते उगीच नाही.

बेत असा आहे: कपॅसिटर काढून टाकायचा. काळी (फेज) फ्यूज होल्डरच्या टोकाच्या टर्मिनलला, तिथून पॉवर स्विच, मग ट्रान्सफॉर्मर. पांढरी (न्यूट्रल) ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या तारेला. हिरवी चॅसीला.

अडलंय ते इथे. हिरवी ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली घातली तर चालेल का? ग्राउंड स्विच काढू की तसंच ठेवू? आणि आमचं घर जुनं, माझ्या खोलीतलं सॉकेटच दोन फटींचं आहे. तीन पिनांचा प्लग दोन फटींत बसवणारा तो छोटा करडा अडॅप्टर लावला तर भागेल?

प्रतिसाद १:
अडॅप्टर नकोच. सॉकेटपर्यंत अर्थ आलेलाच नसेल तर तुमची नवी तिसरी पिन शोभेची. इलेक्ट्रिशियनकडून अर्थची तार ओढून घ्या. तोवर निदान जीएफसीआय सॉकेट बसवा. त्याने अर्थिंग होणार नाही, पण ५ मिलिअँपिअरच्या आसपास गळती झाली की ते लाइन तोडतं.

हिरवीला स्वतंत्र बोल्ट द्या, दातेरी वॉशर घालून. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट कधीतरी कोणीतरी सैल करतोच. तिन्हींत हिरवी लांब ठेवा, म्हणजे वायर ओढली गेली तर ती सगळ्यात शेवटी तुटेल. स्विच जागेवर राहू द्या, फक्त त्याच्या तारा सोडवा. नाहीतर मागे भोक दिसेल. काढलेली वायर फेकू नका, अँप विकताना गिऱ्हाईक विचारतं.

आणि उघडण्याआधी: प्लग काढल्यावरही फिल्टर कपॅसिटरांत ४०० व्होल्ट बसून असतात. रेझिस्टरमधून उतरवा आणि मीटरवर शून्याच्या जवळ दिसल्याशिवाय आत बोट घालू नका.

धागाकर्ता:
धन्यवाद! ४०० व्होल्टचं बाबांना सांगितलं, ते आता रोज फोन करून "उघडलास का?" विचारतात.