मदत हवी आहे : पहाटे तळ्यातले मासे वर येऊन तोंड उघडतात

वीस गुंठ्यांचे मातीचे तळे आहे, खोली सहा फूट, प्लास्टिकचे अस्तर नाही. जुलैमध्ये रोहू, कटला, मृगळ मिळून हजार बोटुकली (बोटभर लांबीची पिल्ले) सोडली. पाणी आता गर्द हिरवे झाले आहे. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकतात, ऊन चढले की खाली जातात. परवा अकरा कटले मेले. अंगावर जखमा नाहीत, कल्लेही स्वच्छ आहेत.

विरघळलेला ऑक्सिजन मोजला : पहाटे साडेपाचला लिटरमागे 2 मिलिग्रॅम, दुपारी तीनला 9. म्हणजे पाणी हिरवे करणारे शेवाळ दिवसा ऑक्सिजन देते आणि रात्री तेच तो ओढून घेते, हे कळले. ओढ्यातून आपसूक आलेले मरळ मासे मात्र मजेत आहेत. त्यांना डोक्यातल्या पोकळीत हवा धरून श्वास घेता येतो.

माशांचे खाद्य, म्हणजे पेंड आणि कोंडा, चार दिवस बंद केले. शेणखत पंधरा दिवसांपासून टाकलेले नाही. दुपारी पंपाने फवारा मारला, उपयोग शून्य. रात्री पंपाला लागणारी थ्री-फेज वीज नसते आणि डिझेल पंप रोज परवडत नाही. विहिरीचे पाणी तासभर सोडता येते, तेही दिवसाच. शेवाळ मारायचे औषध मुद्दाम टाळले, कारण ते एकदम मेले तर कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही जाईल.

पुढच्या खेपेला हवेतून श्वास घेणारा देशी मांगूर सोडण्याचा विचार आहे (बंदी असलेला थाई मांगूर अजिबात नाही). पण आत्ता आहेत ते मासे वाचवायचे आहेत. पहाटे तीन ते सहा विजेशिवाय ऑक्सिजन टिकवण्याचा उपाय कोणी स्वतः केला आहे का? की आत्ताच निम्मे मासे काढून विरळणी करावी?