मदत हवी आहे : ‘एंटगेगन’मधला ‘ट’ कुठला?

रसायनशास्त्रात दुहेरी बंधाच्या दोन टोकांवरचे अग्रक्रमाचे गट एकाच बाजूला आहेत की विरुद्ध, हे ई/झेड नामकरणाने सांगतात. त्यातला झेड म्हणजे जर्मन ‘त्सुझामन’ (एकत्र), ई म्हणजे ‘एंटगेगन’ (विरुद्ध). पहिल्याची फोड सोपी : ‘त्सु’ अधिक ‘सामन’, आणि हा ‘सामन’ आपल्या संस्कृत ‘सम्’चा भाऊबंद. गाडी अडते ती दुसऱ्यापाशी. जुन्या उच्च जर्मनमध्ये रूप ‘इनगेगिन’, मध्य काळात ‘एनगेगन’. दोन्हींत ‘ट’ नाहीच. मग तो ‘एंट-’ या उपसर्गाच्या नादाने मागाहून शिरला का? कोणत्या शतकापासून लिखाणात दिसतो? जर्मन व्युत्पत्तिकोश हाताशी असलेल्यांनी कृपया नोंद तपासून सांगावी.

आणि हो, ‘झेड म्हणजे सिस (सारखे गट एकाच बाजूला)’ असं उत्तर नको. 2-ब्रोमो-2-ब्यूटीनमध्ये अग्रक्रम एका टोकाला ब्रोमीनला, दुसऱ्या टोकाला मिथाइलला; त्यामुळे दोन्ही मिथाइल गट एकाच बाजूला असले तरी ब्रोमीन विरुद्ध बाजूला पडतो आणि रेणू ई ठरतो.