अनुभव धागा: भिंतीवरच्या, रिक्षावरच्या, टीव्हीवरच्या जाहिराती आणि आपण

कृष्णाकाठची:
परवा सांगलीत हरभट रोडवरनं येताना एका जुन्या बिल्डिंगवरचा फ्लेक्स वाऱ्यानं फाटून लोंबत होता आणि त्याच्या मागं पिवळ्या भिंतीवर निळी अक्षरं. निम्मे पोपडे निघालेले, पण 'ळ' दिसला आणि मी गाडी बाजूला घेतली. माझ्या बाबांचा 'ळ' आहे तो, कुठंही ओळखीन.

बाबा पेंटर. जाहिरातीच्या भिंती रंगवायचे, इकडं विट्यापर्यंत तिकडं जतपर्यंत. सिमेंट, खतं, बियाणं, चहा, बिडी. आधी चुना मारायचा, मग सुतळी निळीत बुडवून दोघांनी दोन टोकं ताणून धरायची आणि मधनं उचलून सोडायची, फाटकन सरळ रेघ. मे महिन्याच्या सुट्टीत दुसरं टोक माझ्याकडं. पैसे फुटावर मिळायचे. भिंतीच्या मालकाला काय, तर एक कॅलेंडर आणि भिंत फुकट रंगवून, त्यातच तो खूश. एका आजीनं मात्र अडवलं होतं, बिडीचं काढू नको बाबा, घरात नातवंडं आहेत, खताचं काढ. बाबांनी खताचं काढलं आणि बिडी पुढच्या गावात नेली.

मग फ्लेक्स आले आणि दोन-तीन वर्षांत सगळं संपलं. नंतर बाबा एका फ्लेक्सवाल्याकडंच कामाला होते, रात्री खांबावर चढून बोर्ड बांधायचे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

जाहिरात केलेले, बघितलेले, फसलेले, सगळ्यांनी लिहा. मी कुकर लावून येते.

खाऊगल्ली:
फोटो टाका की हो 'ळ' चा!!

दुकानदाराचा_पोरगा:
आमचं किराणा दुकान होतं मिरजेत, कंपनीचा माणूस आला म्हणाला पाटी फुकट करून देतो. आजोबांना वाटलं देवच पावला. पाटी आली तर वर साबणाचं नाव हत्तीएवढं आणि खाली कोपऱ्यात आमचं मुंगीएवढं. वीस वर्षं लोक त्या साबणाच्याच नावानं दुकान ओळखायचे, माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर पत्ता देतानासुद्धा तेच लिहिलं, काय करणार.

वाडीकर:
किर्लोस्करवाडीचा आहे म्हणून राहवत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पहिला लोखंडी नांगर केला १९०३ ला, तेव्हा वाडी नव्हती, बेळगावात होते. दोन वर्षं एकही नांगर खपला नाही कारण लोक म्हणायचे लोखंडानं जमिनीत विष भिनतं. आता ह्याला कुठली जाहिरात पुरणार सांगा, शेतात चालवूनच दाखवावा लागतो. वाडी वसली १९१० ला, आणि १९२० ला शंकररावांनी 'किर्लोस्कर खबर' काढलं, कारखान्याचं पत्रक म्हणून. पुढं त्याचं अख्खं मासिक झालं आणि लोक ते पैसे देऊन वाचायला लागले. जाहिरात विकत घेऊन वाचणारी माणसं आपल्याच जिल्ह्यात तयार झाली बघा. आमच्या पणजोबांकडं नांगर नव्हता पण मासिकाचे अंक होते म्हणे.

साताऱ्याची_सून:
मला वाटलं इथं हसायचा धागा आहे तुम्ही तर इतिहास काढला 😄
माझं साधं. धाकटा भाऊ फक्त जाहिराती लागल्या की जेवायचा. सिनेमा सुरू झाला की तोंड बंद, जाहिरात आली की आ. आई एक डोळा टीव्हीवर ठेवून घास तयार ठेवायची, निरमाची लागली की तीन घास. आता तोच भाऊ जाहिरात आली की पाच सेकंद मोजून स्किप करतो आणि त्याचा मुलगा मोबाईलशिवाय जेवत नाही. आई म्हणते फेड.

भोंगा:
मी रिक्षाचा आवाज होतो. हसू नका. कॉलेजला असताना सेलच्या कॅसेटवर माझाच आवाज, 'फक्त तीन दिवस, फक्त तीन दिवस'. सेल चालला दीड महिना. विश्रामबागेत आमच्या घरासमोरनं रिक्षा गेली की आजी बाहेर येऊन ओरडायची, आरं खोटं बोलतोस किती, आज पंधरावा दिवस!

खाऊगल्ली:
@भोंगा 😂😂 आजीला ग्राहक मंचावर घ्या

इस्लामपूरकर:
आजीवरनं आठवलं पण हसण्यासारखं नाही. आमच्या आईनं लोकल केबलवरची जाहिरात बघून शुगर मुळापासून घालवणारी पावडर मागवली. कंपनीचं नाव लिहीत नाही, नावं बदलत राहतात त्यांची. चार महिने डॉक्टरांच्या गोळ्या बंद ठेवल्या, आम्हाला पत्ता नाही. पायाची जखम भरेना तेव्हा कळलं. अंगठा गेला. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला बंदी घालणारा कायदा १९५४ पासून आहे, हे मला नंतर एका वकील मित्रानं सांगितलं. १९५४! आईचा जन्म व्हायच्या आधीचा. ती अजून म्हणते टीव्हीवर दाखवत होते म्हणजे कुणीतरी बघूनच दाखवत असेल ना.

कृष्णाकाठची:
@इस्लामपूरकर वाचून कसंतरी झालं. आई कशा आहेत आता?

इस्लामपूरकर:
बऱ्या आहेत. चालतात. टीव्हीचा रिमोट माझ्याकडं असतो.

अजिंक्यताऱ्याखाली:
फ्लेक्सचा विषय निघालाच आहे तर, हायकोर्टात बेकायदा फ्लेक्सवर जी जनहित याचिका गाजली ती आमच्या साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनची, २०११ ची. निकाल २०१७ ला. आणि आज पोवई नाक्यावर उभं राहून बघा, वाढदिवस, निवड, पुनर्निवड, खाली शुभेच्छुक चाळीस फोटो, त्यातला एक गल्लीतला पिंट्या ज्याला घरात कोण विचारत नाही.

नदीपलीकडं:
फ्लेक्सला नावं ठेवू नका वो लय. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गोठ्यावर पत्रं ऱ्हायली न्हवती, तवा त्येच टाकलं हुतं ताडपत्री म्हणून. दोन पार्टीचं दोन साहेब शेजारी शेजारी, उलटं. म्हस खाली निवांत. पाऊस एक थेंब आत आला न्हाई, युती टिकली म्हणायची.

साताऱ्याची_सून:
युती 😂😂😂

हळदवाली:
मी घरगुती हळद विकते, ऑनलाईन. पाचशे रुपये भरून जाहिरात बूस्ट केली. २०१८ ला सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे हा माल ह्याच भागातला असं सांगणारं मानांकन, मिळालंय ते रीलमध्ये छान समजावून सांगितलं. दोनशे मेसेज आले, एकशे नव्वद नुसते 'प्राइस?' भाव कॅप्शनमध्येच लिहिलेला. एकानं विचारलं जीआय किती टक्के, जीएसटीच्या वरती का? शेवटी सगळ्यात जास्त ऑर्डरी कशानं आल्या तर नणंदेच्या भिशीत एक वाटी हळद दिली त्यानं.

खाऊगल्ली:
कुणी 'आमची कोठेही शाखा नाही' वर का लिहीत नाही? साताऱ्यात कंदी पेढ्याच्या एका दुकानात पाटी, शेजारच्यात तीच पाटी, समोरही तीच.

अजिंक्यताऱ्याखाली:
बरोबरच आहे, शाखा नाहीच कुणाची. पेढा मात्र आमचाच. तुमच्या सांगलीत काय, भडंग.

खाऊगल्ली:
भडंगाला 'काय' म्हणालात?? धागा संपला. ब्लॉक.

दुकानदाराचा_पोरगा:
भडंगाला जाहिरात लागत नाही, परत येताना पाव्हण्याच्या पिशवीत असतंच.

सांगली_हून_पुण्यात:
आमच्या काकांनी टॉकीजमध्ये इंटरव्हलला स्लाइड लावली होती टेलरिंगच्या दुकानाची. महिन्याचे पैसे भरलेले. पहिल्या दिवशी पूर्ण घर बघायला गेलं, पिक्चर कुठला कुणालाच आठवत नाही. ऑपरेटरनं स्लाइड उलटी घातली. काकू मान वाकडी करून वाचायला लागल्या आणि मग अख्खी रांग मान वाकडी. काका म्हणाले राहू दे, सरळ असती तर एवढं कुणी बघितलं नसतं.

गिरणीवाला:
@कृष्णाकाठची ताई, बाबा अजून काम घेतात का? माझ्या पिठाच्या गिरणीवर पाटी काढायची आहे. फ्लेक्स दोन उन्हाळ्यात पांढरा पडतो.

कृष्णाकाठची:
उशिरा आले, लाइट गेली होती. सगळं वाचून दाखवलं बाबांना. 'ळ' चा फोटो मोठा करून बघितला, म्हणाले खालची गाठ घाईत मारलीय, तेव्हा शेठ पाठीमागं उभा होता.
@गिरणीवाला दादा, हात थरथरतो आता, बारीक अक्षरं नको म्हणतात, मोठी जमतील. भिंतीला प्लास्टर आहे का विचारतायत.

गिरणीवाला:
आहे पण खालून ओल येते.

कृष्णाकाठची:
मग दिवाळीच्या आधी बघू म्हणाले. ओल्या भिंतीवर चुना धरत नाही.