वाढीचं संप्रेरक आणि यकृतातली चरबी

दारू न पिणाऱ्याचं यकृत चरबीनं भरलं तर दोष फक्त तेलातुपाचा, हे नेहमीचं मत मला अपुरं वाटतं. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथीही यात असते. तिचं वाढीचं संप्रेरक यकृतात नवी चरबी तयार होण्याला आवर घालतं. या ग्रंथीतल्या गाठीमुळे किंवा तिच्या शस्त्रक्रियेनंतर ते कमी पडलं, तर फॅटी लिव्हरचा, म्हणजे यकृतात चरबी साठण्याचा, धोका वाढतो. अशा रुग्णांनी यकृताच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. उलट अ‍ॅक्रोमेगाली या आजारात हे संप्रेरक भरमसाट असतं. तिथे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, तरी यकृतात चरबी कमीच सापडते आणि उपचारांनंतर ती वाढते. किती विलक्षण आहे हे! पिट्युटरीचंच दुसरं संप्रेरक म्हणजे थायरॉइडला चालना देणारं टीएसएच; यकृतावर त्याचा परिणाम मुख्यतः थायरॉइडमार्फत होतो. थायरॉइड संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या यकृतातल्या ग्राहकावर (रिसेप्टरवर) काम करणारं रेस्मेटिरोम हे औषध फॅटी लिव्हरच्या गंभीर प्रकारासाठी अमेरिकेत मार्च २०२४मध्ये मंजूर झालं.