कोडासाठी लाईटचे उपचार चालू असताना बावचीचं तेल लावलं, पायाला फोड आलेत. कुणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी. आम्ही चोपडा तालुक्यातले. धाकट्या बहिणीला (वय २२) हातापायांवर कोडाचे डाग आहेत. आठवड्यातून दोनदा एसटीने जळगावला लाईट घ्यायला नेतो. नॅरोबँड यूव्हीबी, ३११ नॅनोमीटरवाली, म्हणजे मशीनमधून डागांवर अतिनील किरण देतात ती. १८ वेळा झाली. दुसऱ्या दिवशी थोडी लाली, खाज, कातडी कोरडी पडायची, एवढाच त्रास. नडगीवरच्या डागात तिळाएवढे काळे ठिपकेसुद्धा दिसायला लागले होते, म्हणजे रंग परत येत होता. इतका आनंद झाला होता घरात!

मागच्या आठवड्यात आत्याने बावचीचं तेल आणून दिलं. स्थळं बघणं चालू आहे, तिला वाटलं डाग लवकर भरतील. बहिणीने सकाळी तेल लावलं, लाईट घेतली आणि नंतर तासभर आम्ही स्टँडवर उन्हात गाडीची वाट बघत होतो. मे महिन्यातलं जळगावचं ऊन. दुसऱ्या दिवशी नुसती लाली होती, तिसऱ्या दिवशी टरारून फोड आले. तेही डागापुरते नाहीत. तेल नडगीवरून घोट्यापर्यंत जसं ओघळलं, तशीच्या तशी फोडांची रेघ उठली आहे, चांगल्या कातडीवरसुद्धा.

मग वाचल्यावर कळलं की बावचीत सोरालेन असतं, त्याने कातडी प्रकाशाला जास्त हळवी होते. पुवा नावाच्या दुसऱ्या लाईट उपचारात सोरालेन देऊनच यूव्हीए (वेगळ्या प्रकारचे अतिनील किरण) प्रकाश देतात, तोही मोजून, आणि त्यानंतर ऊन कटाक्षाने टाळायला सांगतात. उन्हात यूव्हीए भरपूर असतो. आमचं मोजमाप काहीच नव्हतं.

शेजारी म्हणतात लाईटने कॅन्सर होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तो धोका पुवा खूप वेळा घेतलेल्यांत दिसला आहे, नॅरोबँडमध्ये तसा स्पष्ट आढळलेला नाही. त्याची मला भीती नाही. बहीण घाबरून उपचारच सोडेल, ही भीती आहे.

लाईट सध्या बंद आहे, फोड फोडलेले नाहीत, उद्या डॉक्टरांना दाखवतोय. तेलाचं सांगू नको, ओरडतील, म्हणून ती रडते आहे. मी सांगणारच आहे, नाहीतर ते मशीनलाच दोष देऊन पुढचे लाईटचे सेकंद ठरवतील.

ज्यांना असं भाजलं होतं त्यांनी कृपया सांगा. किती दिवसांनी लाईट परत सुरू केली? सेकंद पहिल्यापासून मोजले की मधूनच? भाजल्याचा काळा वण गेला का? आणि आलेले ठिपके टिकले का? ती सारखं तेवढंच विचारते आहे.