मदत हवी आहे: जुन्या विंडोज १० वर अँटिव्हायरस घ्यावा की लिनक्स मिंट ही दुसरी, मोफत सिस्टीम टाकावी?

घरचा डेस्कटॉप इंटेल आय-३, सहाव्या पिढीचा. ८ जीबी रॅम, एसएसडी. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेत, पण तेही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ च्या तपासणीत प्रोसेसरवरच नापास. नियम डावलून ते टाकायच्या युक्त्या नकोत, नेटबँकिंग याच मशीनवर चालतं.

दुकानदार म्हणतो, "तीन वर्षांचा अँटिव्हायरस टाका, बिनधास्त राहा." मला पटत नाही. सिस्टीमलाच पडलेलं भोक अँटिव्हायरस कसं बुजवणार? सध्या नुसता विंडोजसोबतच येणारा डिफेंडर अँटिव्हायरस आहे.

लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून चालवून पाहिलं. वायफाय, प्रिंटर झटक्यात चालले. अडलं बाबांच्या श्रीलिपीतल्या (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधल्या) फायलींवर. उघडल्या की मराठीच्या जागी नुसते रोमन किडेमकोडे! फॉन्टचा घोळ आहे हे कळतं, पण बाबा या वयात युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर चालणारं आजचं मराठी टायपिंग, शिकायला तयार नाहीत.

म्हणून दोन्ही सिस्टीम शेजारीशेजारी ठेवायच्या, बँकेची कामं मिंटवर, आणि विंडोजचं इंटरनेट कायमचं बंद, असा विचार आहे. बाबा छापखान्यातून आलेला पेनड्राइव्ह मात्र विंडोजलाच लावणार. अशा वेळी डिफेंडर अपडेट कसा ठेवायचा, की तिथे वेगळा अँटिव्हायरस लागेलच?