मदत हवी आहे: पत्तीचा आईस टी फ्रीजमध्ये गढूळ होतोय

पुढच्या रविवारी पुतण्याची मुंज आहे, घरच्या घरीच, चाळीसएक माणसं. पन्हं आणि मठ्ठा आहेच, पण वहिनींना फार वाटतंय की उन्हातून आलेल्या प्रत्येकाच्या हातात आधी आईस टीचा ग्लास द्यावा. पाकिटातली पावडर नको असं दोघींनी ठरवलंय कारण त्यात चहापेक्षा साखरच जास्त असते आणि आमच्याकडे डायबिटीसवाली ज्येष्ठ मंडळी बरीच आहेत, त्यांनाही बिनसाखरेचा देता आला पाहिजे.

माझ्याकडे कुन्नूरहून आणलेली निलगिरीची लांब पानांची पत्ती आहे, शिवाय रोजचा दाणेदार सीटीसी आहेच. आत्ता करते असं, पाणी खळखळून उकळलं की गॅस बंद, पत्ती घालून सातआठ मिनिटं झाकण, मग गाळून काचेच्या जगमध्ये. तेव्हा इतका सुंदर दिसतो, लालसर सोनेरी, जगच्या पलीकडचं दिसतं. पण फ्रीजमध्ये तासदोन तास राहिला की पावसाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखा दिसायला लागतो, आणि तुरट इतका की जीभ कोरडी पडते. सीटीसीचा तर जास्तच. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, भांड्यांना पांढरा थर धरतो, त्याचा काही संबंध असेल का? पाहुण्यांसमोर असा चहा ठेववत नाही हो, आणि पत्तीचा वास इतका छान आहे की तो ग्लासपर्यंत पोचावा असं मनापासून वाटतं. कुणी नेहमी करत असाल तर नीट सांगा प्लीज.

प्रतिसाद

ताई, चहा खराब झालेला नाही, काळजी नको. चहातलं कॅफिन आणि तुरटपणा देणारी द्रव्यं गरम असताना विरघळलेली असतात, गार झाली की एकमेकांना धरतात आणि बारीक कण तयार होतात, तोच गढूळपणा. परत गरम केलात तर परत स्वच्छ दिसेल, करून बघा. चहा जितका कडक तितकं हे जास्त, म्हणून सीटीसीचा लवकर होतो, तो दुधाच्या उकळत्या चहासाठीच बरा. जड पाण्याने भर पडते, सो पिण्याचं फिल्टरचं पाणी घ्या आणि बर्फही त्याच पाण्याचा लावा, हे बरेच जण विसरतात. निलगिरी आहे म्हणजे अर्धं काम झालंय, आईस टीसाठी ती मुद्दाम घेतात कारण गार झाल्यावरही बऱ्यापैकी स्वच्छ राहते. गरमच करणार असाल तर तीनचार मिनिटांच्या वर पत्ती ठेवू नका.

प्रतिसाद

गरम करूच नका म्हणते मी. एक लिटर गार पाण्याला १० ग्रॅम पत्ती, झाकून रात्रभर फ्रीजमध्ये, ८ ते १० तासांनी गाळायचं. गार पाण्यात तुरटपणा कमी उतरतो आणि वास मात्र येतो, साखर नाही घातली तरी पिववतो. चाळीस माणसांना बर्फ धरून दीडशे मिली प्रत्येकी म्हणजे ६ लिटर, ६० ग्रॅम पत्ती. आधी गाळणं, मग धुतलेलं मलमल, दोनदा गाळा, पत्ती पिळू नका, पिळली की सगळा तुरटपणा खाली येतो.

प्रतिसाद

फ्रीजमध्ये जागा नसेल तर बरणी गच्चीवर उन्हात ठेवतात ना, तसं केलं तर?

प्रतिसाद

ते नको, प्लीज. उन्हात पाणी नुसतं कोमट होतं, त्याने जंतू मरत नाहीत, उलट वाढायला बरं पडतं. घरात लहान मुलं, म्हातारी माणसं, आणि कार्याचा दिवस. शेजाऱ्यांचा फ्रीज मागा पण फ्रीजमध्येच करा.

धागाकर्ती

सगळ्यांचे खूप खूप आभार! काल रात्री एक लिटर लावून ठेवला होता फिल्टरच्या पाण्यात, सकाळी गाळला आणि आत्ता दुपारपर्यंत तसाच स्वच्छ आहे, सासूबाईंनी बिनसाखरेचा अख्खा ग्लास घेतला. आता दोन शंका. साखर गार चहात खाली बसते, त्याचं काय करू? आणि लिंबू-पुदिना रात्रीच घालू का?

प्रतिसाद

साखर आणि पाणी समसमान घेऊन गरम करा, विरघळली की बंद, एकतारीपर्यंत नेऊ नका. गार करून वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्याला हवा त्याच्या ग्लासात चमचा-दोन चमचे. लिंबू ऐनवेळी, त्याने रंग लगेच फिका होतो, चहा पातळ झाला असं वाटून घाबरू नका. पुदिन्याची पानंही ग्लासातच, हाताने जरा चुरडून. आणि गवती चहा मिळाला तर तो मात्र आदल्या दिवशी वेगळा उकळून गार करून फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी थोडा मिसळा, गार पाण्यात त्याचा वास पुरेसा उतरत नाही.